इम्प्लांट हलतंय, की वरची कॅप?

दाताच्या इम्प्लांटला काहीही झालं की आपल्याकडे एकच वाक्य ऐकू येतं, "इम्प्लांट फेल झालं." कॅप डुगडुगली, फेल. हिरडीतून रक्त आलं, फेल. चावताना कट् असा आवाज आला, फेल. मागच्या पोस्टनंतर आलेल्या मेसेजमध्येही हेच होतं. आणि गंमत अशी, की ज्यांनी घाबरून लिहिलं होतं त्यातल्या बऱ्याच जणांचा बिघाड बहुतेक किरकोळ असावा, आणि ज्यांनी "बाकी काही नाही, ब्रश करताना थोडं रक्त येते फक्त" असं सहज लिहिलं, त्यांची मला जास्त काळजी वाटली.

आधी एक सांगून टाकते. मी दातांची डॉक्टर नाही. माझा पीएचडीचा विषय टायटॅनियमचा पृष्ठभाग आणि हाड यांचं एकमेकांशी कसं जमतं हा आहे. त्यामुळे तुमच्या तोंडात नेमकं काय झालंय ते मी सांगू शकत नाही. पण इम्प्लांट दातासारखं का वागत नाही, आणि त्यामुळे आपण त्याची लक्षणं उलटी का वाचतो, हे सांगू शकते.

झोपाळा आणि खिळा

खरा दात हाडात घट्ट रुतलेला असतो असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. दाताचं मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये साधारण ०.२ मिलिमीटरची फट असते आणि त्या फटीत तंतूंचं एक जाळं असतं. दात त्या तंतूंवर टांगलेला असतो, झोपाळ्यासारखा. चावताना तो २५ ते १०० मायक्रॉन खाली दबतो आणि परत वर येतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. या तंतूंमध्ये रक्तवाहिन्या असतात, आणि दाब ओळखणाऱ्या नसांची टोकंही. भातात खडा लागला की जबडा आपोआप थांबतो, तो यांच्यामुळे.

इम्प्लांटला हे जाळंच नसतं. टायटॅनियमचा स्क्रू थेट हाडात, आणि हाड त्याला चिकटून वाढलेलं. स्वीडनचे पेर-इंगवार ब्रेनेमार्क १९५२ च्या सुमारास सशांच्या हाडातला रक्तप्रवाह बघत होते. त्यासाठी हाडात बसवलेले टायटॅनियमचे छोटे कप्पे नंतर निघेनात. हाड धातूला धरून बसलं होतं. त्यातून पुढे १९६५ मध्ये त्यांनी गोथेनबर्गमध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात इम्प्लांट बसवली आणि ती त्या माणसाच्या मृत्यूपर्यंत, चाळीस वर्षं टिकली. तरी दंतवैद्यांच्या जगाला पटायला १९८२ ची टोरंटोची परिषद उजाडावी लागली. 'धातूला हाड चिकटतं' हे तोवर कुणी खरंच मानायला तयार नव्हतं. (संशोधकांना मान्यता उशिरा मिळते, हे माझ्या गाइडचं आवडतं वाक्य. स्टायपेंडबद्दल बोलतानाही ते हेच वापरतात.)

तर मुद्दा असा. दात झोपाळ्यावर, इम्प्लांट भिंतीत ठोकलेला खिळा. नीट बसलेलं इम्प्लांट दाबाखाली ३ ते ५ मायक्रॉनच हलतं, म्हणजे जवळजवळ नाहीच. आणि त्याला कळतंही कमी. स्वित्झर्लंडच्या बर्न विद्यापीठाच्या गटाने १९९५ मध्ये मोजलं होतं : खऱ्या दाताला सरासरी साडेअकरा ग्रॅम दाब कळला, इम्प्लांटला कळायला सुमारे शंभर ग्रॅम लागले. जवळपास नऊपट.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, इम्प्लांटमध्ये 'थोडंसं हलणं' हा प्रकार नसतो. दोन, इम्प्लांट दुखून सांगेल अशी वाट बघण्यात अर्थ नसतो.

हलतंय म्हणजे नेमकं काय हलतंय?

बहुतेक इम्प्लांट तीन तुकड्यांची असतात. हाडातला स्क्रू, म्हणजे खरं इम्प्लांट. त्यावर बसणारा खुंट, ज्याला अबटमेंट म्हणतात. आणि खुंटावरची कॅप. खुंट आणि इम्प्लांट यांना जोडणारा आणखी एक बारीक स्क्रू आत असतो. कॅप सिमेंटने चिकटवलेली असते किंवा तीही स्क्रूने कसलेली.

आता हा आतला बारीक स्क्रू समजून घ्या, कारण बरेचदा सगळा गोंधळ त्याचाच असतो. स्क्रू कसला की तो किंचित ताणला जातो, अगदी स्प्रिंगसारखा, आणि त्या ताणामुळे दोन भाग एकमेकांवर दाबून राहतात. डॉक्टर तो टॉर्क रेंचने साधारण ३० ते ३५ न्यूटन-सेंटिमीटर इतका कसतात. पण नव्या स्क्रूच्या आट्यांवर सूक्ष्म खडबडीतपणा असतो. तो दबून सपाट झाला की ताणातला काही टक्के भाग निघून जातो. म्हणूनच बरेच डॉक्टर दहा मिनिटांनी तोच स्क्रू परत कसतात. तुम्ही खुर्चीवर आ करून बसला असता तेव्हा "आता अजून काय करून राहिले हे" असं वाटतं ना, ते हे.

ताण कमी पडला की स्क्रू हळूहळू सैल होतो. नागपूरच्या खड्ड्यांतून वर्षभर गाडी चालवली की सायलेन्सरचा नट जसा सैल होतो, तसंच. रात्री दात खाण्याची सवय, कॅप प्रमाणाबाहेर रुंद असणं, वरच्या दाताशी ती आधी टेकणं, ही त्याची नेहमीची कारणं. नैसर्गिक दातांवर जादा भार आला तर झोपाळा तो थोडा पचवतो. इथे तो सगळा स्क्रूवर जातो.

स्क्रू सैल झाला तर कॅप डुगडुगते. इम्प्लांट हाडात जिथल्या तिथे असतं. डॉक्टर कॅपमधलं भोक उघडतात, स्क्रू तपासतात, कसतात किंवा बदलतात. सिमेंटची कॅप असेल तर काम जरा किचकट होतं, कारण आधी ती काढावी लागते. आमच्या नात्यातल्या एका मामींना एका ठिकाणी "हालून राहिलं, काढून टाकू, हाड भरल्यावर नवीन करू" असं सांगितलं होतं. दुसऱ्या डॉक्टरांनी छोटा एक्स-रे काढला, हाड शाबूत दिसलं, स्क्रू बदलला, वीस मिनिटांत घरी.

उलट, कॅप आणि खुंट काढल्यावरही हाडातला भागच हलत असेल, तर मात्र ते इम्प्लांट गेलं. ते परत धरत नाही. हलणारा खरा दात उपचारांनी कधी कधी सावरतो, कारण त्याचे तंतू पुन्हा बळकट होऊ शकतात. इम्प्लांटला तंतूच नाहीत. त्याच्याभोवती हाडाऐवजी मऊ ऊतक तयार झालं असेल तर ते काढणं हाच उपाय.

म्हणून कुणी "काढावं लागेल" म्हटलं तर एकच प्रश्न विचारा : "कॅप काढून बघितलं का?" हा प्रश्न विचारायला लाजू नका.

आणि डॉक्टरांकडे जाईपर्यंत त्या बाजूने चावू नका. सैल स्क्रूवर रोज चावत राहिलं तर तो थकतो आणि तुटतो. आत तुटलेला तुकडा काढणं फार कटकटीचं काम आहे. कॅप निघून हातात आली तर डबीत ठेवून सोबत न्या. फेविक्विकने चिकटवू नका. हसू नका, लोक चिकटवतात.

जे दुखत नाही ते

आता दुसरी बाजू, जी मला जास्त गंभीर वाटते.

खऱ्या दाताभोवती हिरडीचे तंतू मुळाच्या पृष्ठभागात आडवे घुसलेले असतात, कुंपणाच्या तारांसारखे. इम्प्लांटभोवती ते धातूत घुसू शकत नाहीत. ते त्याला समांतर किंवा गोल वळसा घालून जातात. शिवाय झोपाळ्याच्या जाळ्यातून मिळणारा रक्तपुरवठाही नसतो. त्यामुळे हिरडीच्या कडेला जंतूंचा थर साचला आणि सूज आली, तर ती हाडाकडे सरकायला फारसा अडथळा उरत नाही.

सूज फक्त हिरडीपुरती असेल तर त्याला म्युकोसायटिस म्हणतात. हाड झिजायला लागलं की पेरी-इम्प्लांटायटिस. २०१५ मध्ये डर्क्स आणि तोमासी यांनी तोवरचे अभ्यास एकत्र केले तेव्हा सरासरी ४३ टक्के लोकांमध्ये पहिला प्रकार आणि २२ टक्के लोकांमध्ये दुसरा आढळला. व्याख्या बदलली की हे आकडे बरेच वर-खाली होतात, तेव्हा '२२ टक्के म्हणजे २२ टक्केच' असं धरू नका. तरीही. दहा वर्षांनी ९५ टक्क्यांच्या आसपास इम्प्लांट जागेवर असतात, हे जाहिरातीत सांगतात आणि ते खरंही आहे. पण जागेवर असणं आणि निरोगी असणं हे वेगळं.

पहिला प्रकार परत फिरतो. बर्नमध्येच २०१२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला : काही लोकांना तीन आठवडे ब्रश बंद करायला लावला, मग परत सुरू. दातांभोवती आणि इम्प्लांटभोवती दोन्हीकडे सूज आली, दोन्हीकडे उतरायला लागली. पण इम्प्लांटभोवतीची हिरडी पूर्ववत व्हायला तीन आठवडे पुरले नाहीत. म्हणजे वेळ मिळतो, फक्त जरा धीर धरावा लागतो. दुसरा प्रकार मात्र झिजलेलं हाड सहसा परत देत नाही. तिथे उपचाराचं ध्येय उरलेलं हाड वाचवणं हे असतं.

यात दुखणं कुठे आहे? बहुतेक वेळा नाहीच. रक्त येणं, दाबल्यावर पू, तोंडाला वास, हिरडी खाली सरकून धातूची कडा दिसणं, एवढंच. म्हणून "थोडं रक्त येते फक्त" हे वाक्य मला खटकलं.

एक कारण असं आहे की जे सापडलं तर सुटतं, म्हणून आवर्जून सांगते. कॅप चिकटवताना जादा सिमेंट हिरडीखाली राहून जातं. टॉमस विल्सन यांनी २००९ मध्ये अशा बिघडलेल्या इम्प्लांटभोवती बारीक कॅमेऱ्याने बघितलं, तर ८१ टक्क्यांमध्ये सिमेंटचे कण होते. ते काढल्यावर त्यातली जवळपास तीन-चतुर्थांश सुधारली. अभ्यास छोटा होता, पण कारण इतकं साधं असू शकतं हे लक्षात राहण्यासारखं आहे. सिमेंटची कॅप असेल आणि रक्त येत असेल, तर हे विचाराच.

उपचाराचा क्रम साधारण असा : आधी साफसफाई, गरज पडल्यास कॅप काढून. मग सहा ते बारा आठवड्यांनी परत तपासणी. तरी सूज आणि खोली कमी झाली नाही तर हिरडी उघडून सफाई, काही ठिकाणी हाडाची पूड भरणं. युरोपियन फेडरेशन ऑफ पेरिओडोंटोलॉजीच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही हाच पायऱ्यांचा रस्ता आहे. आणि साफसफाईच्या टप्प्यावर सरसकट अँटिबायोटिकच्या गोळ्या देऊ नयेत असंही त्यात सुचवलंय. मेडिकल स्टोअरमधून पाच दिवसांचा कोर्स आणून घेतला की सूज उतरते, माणूस निश्चिंत होतो, आणि धातूच्या आट्यांमध्ये बसलेला थर तिथेच राहतो.

खर्रा, सुपारी आणि शुगर

सिगारेट आणि इम्प्लांट यावर भरपूर संशोधन आहे. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये इम्प्लांट निकामी होण्याचा धोका साधारण दुप्पट. खर्ऱ्यावर त्या मानाने फार कमी लिहिलं गेलंय, कारण खर्रा विदर्भात घोटतात आणि संशोधन दुसरीकडे होतं. पण आपल्याला माहीत असलेले तुकडे जोडून बघता येतात. तंबाखूतलं निकोटिन रक्तवाहिन्या आकुंचित करतं. चुना ऊतक जाळतो. सुपारीतल्या रसायनांनी गालाच्या आतली कातडी ताठ होते आणि तोंड उघडणं कमी होत जातं. स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जात नसतील तर मागच्या दाढेपर्यंत ड्रिल पोचवणंच अवघड, आणि नंतर तिथे ब्रश पोचवणं त्याहून अवघड. आणि वर सुपारी फोडायची! नऊपट बोथट संवेदना असलेल्या खिळ्यावर. इम्प्लांट बसवलं म्हणून "आता मस्त चावता येते" म्हणत सुपारी परत सुरू केलेली माणसं आहेत. त्यांचा स्क्रू सैल झाला तर मला नवल वाटणार नाही.

पहिल्या काही आठवड्यांत तर हे जास्तच महागात पडतं. इम्प्लांट बसवलं त्या दिवशी ते घट्ट असतं, पण ती घट्टपणाची पकड जुन्या हाडाची असते. मग शरीर ते जखमी हाड झिजवतं आणि नवीन हाड रचतं. या अदलाबदलीत, साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात, पकड सगळ्यात कमी असते. नेमकं तेव्हाच माणसाला बरं वाटायला लागलेलं असतं. या काळात इम्प्लांट शंभर-दीडशे मायक्रॉनपेक्षा जास्त हलत राहिलं तर हाडाऐवजी मऊ ऊतक तयार होतं. ब्रेनेमार्क यांनी खालच्या जबड्याला तीन महिने आणि वरच्याला सहा महिने थांबायचा नियम घालून दिला होता तो यासाठीच. आता पृष्ठभाग सुधारल्यामुळे तो काळ कमी झालाय, पण शून्य झालेला नाही.

शुगर नियंत्रणात नसेल तर हाड भरणं आणि जंतूंना तोंड देणं, दोन्ही मंदावतं. मधुमेह आहे म्हणून इम्प्लांट नाहीच, असं नाही. तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, आठच्या वर असेल तर मात्र बरेच डॉक्टर आधी ती खाली आणा म्हणतात. आणि हाडांच्या ठिसूळपणासाठी वर्षातून एकदा घ्यायचं झोलेड्रॉनेटचं इंजेक्शन झालं असेल तर ते आठवणीने सांगा. "गोळ्या चालू आहेत का?" या प्रश्नात ते येत नाही, आणि जबड्याचं हाड भरून येण्यावर त्याचा मोठा परिणाम होतो.

फ्लोराइडबद्दलही विचारलं होतं, कारण यवतमाळ-चंद्रपूरकडच्या बोअरच्या पाण्यात ते जास्त असतं. टायटॅनियमवरचा संरक्षक थर फ्लोराइडने खराब होऊ शकतो, पण त्यासाठी फ्लोराइडचं प्रमाण आणि आम्लता दोन्ही बरीच जास्त लागतात. पिण्याच्या पाण्याने तुमचं इम्प्लांट गंजणार नाही. दात आणि हाडांसाठी ते पाणी वाईटच, तो विषय वेगळा.

२०२१ नंतरचं नागपूर

आपल्या शहरात इम्प्लांटचा प्रश्न एका-दोन दाढांपुरता नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात कोरोनापाठोपाठ म्युकरमायकोसिस आला. अॅम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनचा तुटवडा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला होता. बुरशीने हाडाचा रक्तपुरवठाच बंद होतो, त्यामुळे जीव वाचवायला कितीतरी लोकांचा वरचा जबडा काढावा लागला. जिथे खिळा ठोकायचा ती भिंतच गेली. अशा वेळी गालाच्या हाडात घातलेली लांब झायगोमॅटिक इम्प्लांट, किंवा त्या माणसाच्या सीटी स्कॅनवरून बनवलेली टायटॅनियमची जाळी, हे पर्याय उरतात.

या लोकांसाठी वर सांगितलेलं सगळं दुप्पट लागू होतं. बऱ्याच जणांना मधुमेह आहे. सगळे दात चार-सहा आधारांवर उभे असतात, त्यामुळे एक स्क्रू सैल झाला की बाकीच्यांवरचा भार वाढतो, आणि संवेदना नसल्याने ते कळत नाही. काहीही वाटत नसलं तरी चार-सहा महिन्यांनी तपासणी, हे त्यांच्यासाठी औषधाइतकंच आवश्यक आहे.

एक गोष्ट, जिथे वाट बघायची नाही

खालच्या जबड्यात इम्प्लांट बसवल्यावर भूल उतरायची वेळ होऊन गेली तरी ओठ आणि हनुवटी बधिरच असेल, तर सकाळपर्यंत थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. जबड्याच्या आतून जाणाऱ्या नसेवर इम्प्लांटचा दाब आला असेल, तर ते साधारण पहिल्या ३६ तासांत काढलं तर नस सावरण्याची शक्यता बरी असते. नंतर ती झपाट्याने कमी होते. "होईल हळूहळू कमी" हे ऐकून आठवडा काढू नका.

डबीवरचं स्टिकर

शेवटी कागदांबद्दल, कारण अनेकांचं गाडं इथेच अडतं. इम्प्लांटच्या कितीतरी कंपन्या आहेत आणि एकाचा स्क्रू दुसऱ्याला, एकाचा पेचकस दुसऱ्याला बसेलच असं नाही. पुण्यात बसवलेलं इम्प्लांट नागपुरात सैल झालं, कंपनीचं नाव माहीत नाही, एक्स-रेवरून अंदाज लावत बसलेत, असं होतं. इम्प्लांटच्या प्रत्येक डबीसोबत कंपनी, व्यास, लांबी आणि लॉट नंबर छापलेली चिकटपट्टी येते. ती मागून घ्या. सोबत कॅप बसवली त्या दिवशीचा एक्स-रेही घ्या, कारण पहिल्या वर्षात हाड थोडं कमी होणं नॉर्मल असतं. त्यानंतर किती झिजलं हे आधीच्या एक्स-रेशी ताडूनच कळतं.

दुसरं मत घ्यायचं असेल तर मेडिकलच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय आहे, हिंगणा रोडला खासगी कॉलेज आहे, वर्ध्याजवळ सावंगी आहे. हिरड्यांचा विभाग आणि कृत्रिम दातांचा विभाग वेगवेगळे असतात. रक्त, पू, हाड असेल तर पहिला. डुगडुग, तुटणं, कॅप असेल तर दुसरा. आणि खरोखरच निष्काळजीपणा झालाय असं वाटत असेल, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. तिथेही पहिल्यांदा कागदच मागतात. स्टिकरचा आणि एक्स-रेचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या तरी फोनमध्ये ठेवा. ज्यांच्या तोंडात इम्प्लांट आहे त्यांचा फोन दर दोन वर्षांनी बदलतो.